नावात काय लिहिले, काय गाळले

यवतमाळ हा शब्द आपण देवनागरीत पाच अक्षरांत लिहितो: य, व, त, मा आणि ळ. यातल्या चार अक्षरांत अ हा स्वर आहे, असे लिपीचा नियम सांगतो. उच्चारताना मात्र य आणि व यांतला अ आपण ठेवतो, त आणि ळ यांतला गाळतो. तोंडातून निघते ते यवत्‌माळ्. कुठला अ ठेवायचा आणि कुठला सोडायचा याची खूण शब्दात कुठेही नाही. पाय मोडण्याची सोय देवनागरीत असूनही नेहमीच्या लेखनात या नावासाठी ती कोणी वापरत नाही, कारण मराठी वाचणाऱ्याला तिची गरजच पडत नाही. मराठी मुळीच न येणाऱ्या, पण देवनागरी अक्षरे शिकलेल्या परक्या माणसाने हाच शब्द ‘यव-तमाळ’ असा तोडला आणि त्यात तमालवृक्ष शोधला, तर लिपीचा कोणताही नियम त्याला अडवणार नाही. लिपी उच्चार पुरता लिहीत नाही. भाषा आधीच येणाऱ्याला पुरेल एवढेच ती लिहिते आणि बाकीचे गाळते. म्हणून जुन्या लेखातल्या शब्दाचा अर्थ लावण्याआधी त्या लिपीची गाळण्याची रीत कोणती, हे शोधावे लागते. या प्रकरणात तीच कसोटी यवतमाळच्या नावाला लावायची आहे. ही कसोटी जगाला सर्वांत ठळकपणे शिकवली ती मध्य अमेरिकेतल्या माया लिपीने, तेव्हा सुरुवात तिथून.

माया लोकांची चित्रमय लिपी आजच्या दक्षिण मेक्सिको, ग्वाटेमाला, बेलीझ आणि होंडुरास या भागांत दीड हजारांहून अधिक वर्षे वापरात होती. स्पॅनिश पाद्री दिएगो दे लांदा याने 1562 साली युकातानमधल्या मानी गावी या लिपीतल्या पोथ्या जाळल्या. पुढे त्यानेच तिची मुळाक्षरे लिहून ठेवली. त्याचा समज असा होता की प्रत्येक स्पॅनिश अक्षराला एक माया अक्षर असणारच. तो अक्षराचे स्पॅनिश नाव उच्चारायचा आणि समोरचा जाणकार माया माणूस ऐकू आलेला आवाज काढून दाखवायचा. ‘बे’ म्हटले की त्याने ‘बे’ हे अक्षर काढले. लांदाने ते ‘ब्’ म्हणून टिपून घेतले. पुढची जवळजवळ चारशे वर्षे ही यादी अभ्यासकांना निरुपयोगी वाटत राहिली, कारण तिच्या आधाराने एकही शब्द नीट जुळेना. 1952 साली रशियातल्या युरी क्नोरोझोव्ह या अभ्यासकाने दाखवले की यादी बरोबर आहे, ती वाचण्याची रीत चुकली आहे. ती खूण एकट्या व्यंजनाची नसून व्यंजन आणि स्वर मिळून झालेल्या अक्षराची होती. माया शब्द बहुधा व्यंजनाने संपतात. असा शब्द लिहिताना लेखक शेवटचे व्यंजन स्वरासकट लिहीत आणि वाचणारा तो स्वर सोडून देई. ड्रेस्डेनच्या पोथीत टर्की पक्ष्याच्या चित्रावर ‘कु-त्सु’ अशा दोन खुणा आहेत आणि युकातानच्या बोलीत त्या पक्ष्याला ‘कुत्स’ म्हणतात. कुत्र्याच्या चित्रावर ‘त्सु-लु’ आहे आणि कुत्र्याला शब्द आहे ‘त्सुल’. दोन्हीकडे ‘त्सु’ची खूण एकच. पहिल्या शब्दाचे वाचन दुसऱ्या शब्दात आपोआप पडताळले गेले. युरोपातल्या पंडितांना ही गोष्ट पचायला वर्षे लागली. एरिक थॉम्पसन या त्या काळच्या सर्वांत वजनदार अभ्यासकाने ती 1975 साली मृत्यू येईपर्यंत मान्य केली नाही. ‘यवत’मधल्या त चा अ रोज सोडणाऱ्या मराठी वाचकाला मात्र यात अवघड असे काहीच वाटू नये.

त्याहून सुंदर उदाहरण एका भांड्याचे आहे. ग्वाटेमालातल्या रिओ आसुल इथे 1984 साली एका थडग्यात फिरकीच्या झाकणाचे, वर कडी असलेले मातीचे भांडे सापडले. त्याच्या अंगावर रंगवलेल्या खुणांत माशाच्या आकाराची ‘का’ ही खूण आहे आणि ‘वा’ आहे. माया लेखक एखाद्या खुणेला दोन बारीक टिंबे देत. त्यांचा अर्थ, हे अक्षर दोनदा वाचा. म्हणजे का-का-वा, शेवटचा स्वर सोडून ‘काकाव’. हाच तो शब्द जो पुढे कोको होऊन आपल्यापर्यंत आला. डेव्हिड स्टुअर्ट यांनी हे वाचन केले आणि भांड्याच्या आत चिकटलेला थर हर्शी या चॉकलेट कंपनीच्या प्रयोगशाळेत तपासला गेला, तेव्हा त्यात कोकोचीच रसायने निघाली. वाचनाला लिपीबाहेरचा एवढा थेट पुरावा मिळणे दुर्मीळ. एरवी पुरावा लिपीच्या आतूनच काढावा लागतो आणि तो चिवटपणे काढता येतो, हेही याच अभ्यासाने दाखवले. ‘बाक’ म्हणजे हाड किंवा युद्धकैदी हा शब्द बा-का असा न लिहिता बा-कि असा लिहिलेला आढळतो. सोडायचाच स्वर, मग तो वेगळा का लिहिला? 1998 साली स्टीफन ह्यूस्टन, स्टुअर्ट आणि जॉन रॉबर्टसन यांनी असे मांडले की शेवटचा न उच्चारायचा स्वर मुद्दाम बदलला, तर आधीचा स्वर लांबवायचा, अशी ती सूचना आहे. नियमाच्या तपशिलांवर अजून वाद आहेत, पण तो स्वर निव्वळ हलगर्जीपणाने बदललेला नाही, हे आता सर्वमान्य आहे. तसेच 2004 साली निकोलाय ग्रूबे यांनी दाखवले की साधा ह आणि घशातून घासत येणारा ख़ यांच्यासाठी माया लेखकांकडे निरनिराळ्या खुणा होत्या. तोवर अभ्यासक दोन्ही एकच धरून वाचत होते. पालेंकेच्या प्रसिद्ध राजाचे नाव जुन्या पुस्तकांत ‘हनाब पाकाल’ असे दिसते आणि नव्या पुस्तकांत त्याचे पहिले अक्षर बदललेले असते, ते यामुळे. लेखकाने केलेला भेद वाचणाऱ्याच्या लक्षात आला नव्हता. याची उलट बाजूही ध्यानात ठेवावी लागते: भाषेत असलेला भेद लेखकाच्या लिपीत नसेल, तर त्या लेखाला त्याबद्दल काही विचारताच येत नाही.

यवतमाळात लिपी उलगडण्याची परंपरा नवी नाही. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत झाकून ठेवले होते. वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपी उलगडली. यवतमाळचे यशवंत खुशाल देशपांडे यांनी ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ लिहून त्या साहित्याची ओळख करून दिली आणि गावात शारदाश्रम ही संशोधनसंस्था उभी केली. पण सांकेतिक लिपी आणि साधी लिपी यांत मोठा फरक आहे. सांकेतिक लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरे येते. किल्ली हाती आली की सारे परत मिळते. साध्या लिपीत जे मुळात लिहिलेच नाही, ते कुठल्याही किल्लीने मिळत नाही. यवतमाळ हे नाव ज्या लिप्यांतून आपल्यापर्यंत आले, त्या प्रत्येकीने काही ना काही गाळले आहे.

आधी रोमन लिपी घेऊ. 1864 साली अमरावतीपासून वेगळा काढलेला हा जिल्हा पुढे ‘वुन’ या नावाने ओळखला गेला आणि 1905 साली त्याला मुख्य गावाचे नाव मिळाले, ते लिहिले गेले वाय-ई-ओ-टी-एम-ए-एल असे. आजच्या डोळ्यांना हे ‘येओतमल’ दिसते आणि इंग्रजांना नाव धड लिहिता आले नाही, असा शेरा आपण मारून मोकळे होतो. हा शेरा अन्यायाचा आहे. त्याच कारकुनांनी येवला हे नाव वाय-ई-ओ-एल-ए असे लिहिले, देवळी, देवघर, देवगिरी, देवळाली यांतल्या ‘देव’साठी डी-ई-ओ लिहिले. म्हणजे ई-ओ ही जोडी त्यांच्या लेखनात ‘एव’साठी ठरलेली होती. ‘वुन’ही तसेच. त्यातला यू हा ‘सन’ या इंग्रजी शब्दातल्यासारखा, म्हणजे आपला अ आहे, आणि नाव आहे वणीचे. लेखकाची रीत त्याच्याच इतर शब्दांतून काढली की येओत नाहीसे होते आणि ‘येवत’ हाती येते. क्नोरोझोव्हने टर्की आणि कुत्रा यांचे शब्द शेजारी ठेवून जे केले, तेच येवला आणि देवळी शेजारी ठेवून करता येते. याच लेखनाने काय गाळले, तेही देवळाली दाखवते. त्या नावात ळ आणि ल दोन्ही आहेत आणि रोमन लिपीत दोन्हींसाठी एकच एल आहे.

आता मागे जाऊ. 1596 साली वऱ्हाड मोगलांकडे गेले आणि अबुल फजलच्या ‘आईने अकबरी’त त्याच्या महालांची यादी आली. महाल म्हणजे वसुलीचा घटक, ढोबळमानाने परगणा. यवतमाळचा महाल त्यात इंग्रजी भाषांतरानुसार ‘योत-लोहारा’ या जोडनावाने येतो. लोहारा हे यवतमाळच्या पश्चिमेचे, आज शहराला येऊन भिडलेले गाव. 1908 च्या इम्पीरियल गॅझेटियरने यावर असा निर्णय दिला की गावाचे जुने नाव येवता, त्याचा अपभ्रंश योत, आणि शेवटचे ‘मल’ हा महालचा अपभ्रंश. यातला अपभ्रंशाचा पहिला दाखला लिपीकडे पाहिल्यावर टिकत नाही. ‘योत’ फारशी लिपीत लिहायचे तर तीनच अक्षरे लागतात: ये, वाव आणि ते. आणि ‘यवत’ किंवा ‘येवत’ लिहायचे तरी हीच तीन अक्षरे लागतात. फारशी लेखनात ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत आणि वाव हे अक्षर व, उ, ऊ, ओ, औ अशा सगळ्यांचे काम करते. अबुल फजलच्या कारकुनाने नाव बिघडवले, असे मानायला आधारच उरत नाही. तीन अक्षरांत बसलेले येवत नंतरच्या वाचकाने योत असे वाचले, एवढेच पुरेसे आहे. दुसरी गोष्ट, त्याच जोडनावात लोहारा शब्दाचा शेवटचा आ नोंदला गेला आहे आणि पहिल्या शब्दाला तसा स्वर नाही. तेव्हा मूळ नाव ‘येवता’ असण्यापेक्षा ‘येवत’ असण्याची शक्यता अधिक.

इथे एक रास्त आक्षेप येतो. फारशी हस्तलिखितांत ब, प, त, न, य यांसारखी अक्षरे शब्दाच्या आत केवळ टिंबांनी ओळखली जातात. नक्कल करणाऱ्याचे टिंब इकडचे तिकडे झाले की गाव बदलते, आणि आईनमधली कितीतरी स्थळनावे याच कारणाने वादात आहेत. मग या तीन अक्षरांवर भिस्त का ठेवावी? एकट्या त्या अक्षरांवर ठेवू नये, हे खरेच. पण शेजारी लोहारा आहे, आणि ते गाव आजही त्याच दिशेला आहे. रोमन लेखनातून स्वतंत्रपणे आलेले येवत आहे. भांड्यातल्या थराइतका नसला, तरी हा तीन बाजूंनी जुळणारा पुरावा आहे. टिंबांची चूक मानायची तर ती नेमकी खऱ्या गावाच्या नावावर येऊन थांबली, असेही मानावे लागेल.

आता अर्थ. यवत म्हणजे डोंगर आणि माळ म्हणजे रांग, म्हणून यवतमाळ म्हणजे डोंगरांची रांग, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले असते. मराठीत यवत या शब्दाचा डोंगर असा अर्थ कुठेही रूढ नाही आणि डोंगरांच्या ओळीला आपण रांग म्हणतो, माळ म्हणत नाही. ही व्युत्पत्ती नावावरून बेतलेली आहे आणि ती सोडून द्यावी. दुसरे स्पष्टीकरण यव म्हणजे जव या धान्याचे. ते अधिक शहाणे दिसते, पण त्याला मराठीचा ध्वनिनियमच आडवा येतो. संस्कृत शब्दाच्या आरंभीचा य प्राकृतातून मराठीत येताना ज होतो: यात्रेची जत्रा झाली, योग्याचा जोगी झाला आणि खुद्द यवाचा जव झाला. लोकांच्या तोंडी पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या गावाच्या नावात यव असते, तर ते आज ज ने सुरू झाले असते. मराठीत आरंभी दिसणारा ये पुष्कळदा मुळातल्या ए मधून आलेला असतो. जुन्या कागदांत एक हा शब्द ‘येक’ असा असतो आणि ‘एथ’चे ‘येथे’ झाले. येवला, येरवडा, येडशी अशी ये ने सुरू होणारी गावे महाराष्ट्रात भरपूर आहेत. विदर्भ-मराठवाड्यात येवता आणि येवती आहेत. पुणे-सोलापूर रस्त्यावर दौंड तालुक्यात यवत आहे आणि तिथेही गंमत अशी की मराठीत यवत लिहितात, पण रेल्वे स्थानकाचे रोमन नाव ‘येवत’ असेच चालत आले आहे. दोन ठिकाणी, दोन निरनिराळ्या खात्यांच्या कारकुनांना ये ऐकू आला आणि देवनागरीत मात्र य राहिला. मला यातून निष्कर्ष दिसतो तो असा: जुना उच्चार येवत, आणि यवत हे त्याला संस्कृत वळण देऊन स्थिर झालेले लेखन.

हा भाग गोंड आणि कोलाम लोकांचा आहे, तेव्हा नाव गोंडी किंवा कोलामीतून आले असेल, असेही कोणी म्हणेल. शक्यता नाकारू नये, कारण कोलामी ही द्राविडी भाषा या जिल्ह्यात आजही बोलली जाते आणि मरे एमेनो यांनी 1955 साली तिच्यावर लिहिलेला ग्रंथ प्रमाण मानला जातो. या भाषांत ए आणि ओ यांचे ऱ्हस्व-दीर्घ भेद आहेत आणि मराठीची देवनागरी ते दाखवत नाही. म्हणजे अशा नावाची खूण आपल्या लिपीनेच पुसली असती. पण येवत, येवती या नावांचा पसारा पुणे जिल्ह्यापर्यंत आहे आणि तिथे गोंडी-कोलामीचा वावर दाखवता येत नाही. एकाच घराण्यातल्या नावांना दोन वेगळी मुळे द्यायची तर त्यासाठी वेगळा पुरावा लागेल.

खरी अडचण आहे ती शेवटच्या ळ ची. गॅझेटियर म्हणते, महालचे मल झाले. त्यातला ह गळणे मराठीला नवे नाही. जहागीर आणि जागीर दोन्ही चालतात आणि तहसीलची तशील झाली. पण अरबी-फारशी शब्दांतला ल मराठीत ल च राहतो: वकील, अंमल, मशाल, आणि महाल स्वतः. रंगमहाल कधी रंगमहाळ झाला नाही, पंचमहाल कधी पंचमाळ झाले नाही. मग यवतमाळच्या शेवटी ळ कुठून आला? तो ळ केवळ कागदावरचा आहे, असेही म्हणता येत नाही. वऱ्हाडी बोलीत ळ चा य होतो, डोळ्याचा डोया आणि काळ्याचा काया होतो, आणि त्याच नियमाने यवतमाळचे यवतमाय होते. बोलीने या नावातला शेवटचा वर्ण ळ म्हणूनच वागवला आहे. ‘माल’ असते तर ते तसेच राहिले असते. म्हणून नाव सरळ येवत आणि माळ, म्हणजे येवत गावाचा माळ, असे वाचावे, असे म्हणणाऱ्याची बाजू दुबळी नाही. सुमारे 445 मीटर उंचीवरच्या या गावाला मोकळा माळ शोभतोही.

तरीही तराजू मला महालाकडे झुकलेला दिसतो. सोळाव्या शतकातल्या नोंदीत माळ नाही. आहे ते येवत, आणि तेही महालाच्या मुख्य गावाचे नाव म्हणून. माळ हा नावाचा मूळचाच भाग असता तर जोडनावात तो टाकून दिला, असे समजावे लागते. ते अशक्य नाही, पण पुरावा त्या बाजूला काही देत नाही. उलट येवतचा महाल ही वस्तुस्थिती त्या यादीतच आहे. ल चा ळ होण्यालाही दाखले आहेत. पोर्तुगीज शब्दापासून आलेले नाताळ आणि इस्पितळ या दोन्ही परक्या शब्दांच्या शेवटी मराठी तोंडाने ळ बसवला. त्यातून ह गळून राहिलेल्या ‘माल’ या अर्थ हरवलेल्या शेपटाशेजारी ‘माळ’ हा रोजच्या वापरातला, जागेला साजेसा शब्द आयता उभा होता. अर्थ कळेनासा झालेल्या तुकड्याला लोक ओळखीच्या शब्दाचे रूप देतात, हे स्थळनावांत सर्वत्र घडते. फारशी लिपीत ळ ला अक्षर नाही, कळंबचेही आईनमध्ये ‘कलम’ झाले आहे, आणि रोमन लिपीत ल-ळ चा भेद नाही. नेमक्या वादाच्या जागी दोन्ही लेख मुके आहेत. म्हणून त्यांच्या आधाराने ळ आधीपासून होता किंवा नव्हता, असे ठामपणे सांगणारा कोणीही लेखाला न विचारता येणारा प्रश्न विचारतो आहे.

हा प्रश्न ज्या लिपीला विचारता येईल ती आपल्याकडे होती आणि ती मोडी. मोडी ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाही, पण तिच्यात ल आणि ळ वेगळे आहेत, ह वेगळा आहे, य आणि ये वेगळे आहेत. वादाचे तिन्ही मुद्दे ती दाखवू शकते. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतल्या वऱ्हाडातल्या वतनाचे, वसुलीचे, इनामाचे, जमिनीच्या खरेदीखताचे मोडी कागद देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी यांच्या घरांत आणि देवस्थानांच्या दप्तरांत राहिलेले असतात. ज्यांच्या घरी यवतमाळ, लोहारा, कळंब, दारव्हा, वणी या भागांतला असा एखादा कागद असेल, त्यांनी तो वाचता येत नाही म्हणून टाकून देऊ नये. स्वच्छ उजेडात त्याचे छायाचित्र घ्यावे, कागदावरची तारीख दिसेल असे घ्यावे, आणि प्रत नागपूरच्या विदर्भ संशोधन मंडळाला किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाला दाखवावी. त्यात गावाचे नाव आले असेल तर तीन गोष्टी पाहाव्या: सुरुवातीला य आहे की ये, मध्ये ह उरला आहे का, आणि शेवटी ल आहे की ळ. तारीख असलेल्या एका कागदात ‘येवतमहाल’ निघाले तर वाद मिटेल. ‘येवतमाळ’ निघाले आणि तो कागद पुरेसा जुना असला, तर वर मांडलेला माझा निर्णय मागे घ्यावा लागेल.